कोऱ्या कपाळाच्या नवऱ्या

"मी म्हणजे तुझं लायसन्स आहे बरं," सेतुमाधव म्हणायचे. "दुकानात भिंतीस टांगायचं, ते घरी खाटेवर निजवलंय, एवढंच."

अर्धांगवायूनं त्यांची जीभ जड झाली होती. तरी हे एक वाक्य ते शब्दाला शब्द लावून पुरं करायचे आणि तोंडाच्या चालत्या बाजूनं हसायचे. चंद्रिका त्यांच्या हनुवटीवरून ओघळलेली कांजी पुसत म्हणायची, "पोदुम. पुरे चावटपणा. गिळा आता." पण चेन्नईबाहेरच्या आवडीहून लोकलनं सेंट्रलला आणि तिथून बसनं एग्मोरला जाताना तिला ते वाक्य आठवायचं आणि हसू यायचं नाही. माणूस खरं बोलत होता.

एग्मोर स्टेशनाजवळच्या एका गल्लीत, एका लॉजच्या शेजारी पहिल्या मजल्यावर 'मंगळजोडी' होतं. तिथं मरप्पाची विकत. मरप्पाची म्हणजे रक्तचंदनाचे वीतभर नवरा-नवरी. लेकीच्या लग्नात आई ही जोडी देते, आणि नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडून कोलू करतात त्यात पहिला मान हिचा. लाकूड येतं ते उघडं. त्याला नेसवावं लागतं. ते काम चंद्रिकेचं. जुन्या रेशमी साड्यांच्या काठांच्या पट्ट्या कापायच्या, त्यांवरून भाताच्या पेजेचा हात फिरवायचा, ओलसर असतानाच निऱ्या घालायच्या आणि कमरेला दोरा आवळायचा. नवरीला तंजावरी नऊवारी, नवऱ्याला धोतर, उपरणं आणि पगडी. तिच्या हातच्या निऱ्या अशा बसत की लाकडाची बाई आता पाऊल उचलेल आणि चहा टाकायला जाईल असं वाटावं.

जिना चढून आलं की समोर काच, आणि काचेमागं चंद्रिकेचा पाट. गिऱ्हाईक आधी तिला बघे, मग बाहुल्यांना. शेवटी काडीच्या टोकानं ती नवरीच्या कपाळी कुंकू टेकवी आणि मगच जोडी पेटीत जाई. "मामी, तुमच्या हातानंच द्या," बायका म्हणत आणि मोटारीतून आलेल्या बायकासुद्धा पदर पसरत. चंद्रिकेला ह्या पाटाचं वेड होतं. घरी ती सेतुमाधवांची बायको होती, चाळीत आवडीच्या कारखान्यातल्या फोरमनची बायको होती. पाटावर ती चंद्रिका होती.

दुकान कमलिनीअक्कांनी काढलेलं. अक्का आणि त्यांचे यजमान माधवराव, दोघंही चेन्नईतल्या तंजावरी मराठी समाजातली मोठी माणसं. नफ्यातला पैसाही त्यांनी घरी नेला नाही. त्यातून म्हाताऱ्यांची औषधं होत, रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग चाले (मुलं तिथं तमिळमध्ये भांडत), आणि मुख्य म्हणजे नवरा नसलेल्या बायकांना दर महिन्याचं सामान आणि त्यांच्या मुलांच्या फिया मिळत. अक्का हे सगळ्यांना सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच तर पुढचं सगळं इतकं सोपं गेलं.

पेटीवर सोनेरी अक्षरांत एक ओळ होती: 'सुमंगलीच्या हातांनी नेसवलेली जोडी.' ही ओळ तनयाची. तनया पुण्याची, सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, शनिवारी हौसेनं दुकानाचं ऑनलाइन बघायला यायची. एकदा तिनं विचारलं, "काकू, तुमच्या कामात स्पेशल काय आहे?" चंद्रिकेला कुणी असं विचारलं नव्हतं. ती फुलली. "आमच्यात हे कुणीही करायचं काम नव्हे, बाळ. लग्नाची मरप्पाची सवाष्णीनंच नेसवायची. माझ्या आजेसासूनं मज हात धरून शिकवलं." तनयानं ते फोनमध्ये टिपून घेतलं. पुढच्या नवरात्रापर्यंत ती ओळ सिंगापूरला आणि न्यू जर्सीला पोचली, आणि जोड्या पुरेनाशा झाल्या. फिया भरल्या गेल्या. श्रीरंजनी नावाची एक तरुण विधवा होती, तिची मुलगी चांगल्या इंग्रजी शाळेत गेली. चंद्रिकेला वाटे, हे सगळं माझ्या निऱ्यांतून निघालं. तेही खरं होतं.

सेतुमाधव आजारी पडल्यावर समाजानं जे केलं त्याला तोड नाही. अक्कांनी वर-खाली होणारी खाट पाठवली. छातीत कफ झाला तेव्हा ऑक्सिजनचं यंत्र पाठवलं. माधवराव रोज सकाळी फोन करत.

"आज बीपी किती?"

चंद्रिका सांगायची.

"बरं आहे, बरं आहे. जपा हं. नवरात्र जवळ आलंय."

अक्का स्वतः शहाळी घेऊन आवडीला आल्या. खाटेशेजारी बसून त्यांनी सेतुमाधवांच्या कपाळावरून हात फिरवला.

"अण्णा, काही लागलं तर सांगा. संकोच करू नका."

"विजयादशमी होईतो ओढतो," सेतुमाधव म्हणाले. "पुढचं माझ्याकडं."

"अय्यो, असं अभद्र बोलू नये," अक्का म्हणाल्या. पण जिन्यात त्यांनी चंद्रिकेचा हात धरून हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात गं? दसऱ्यापर्यंत धोका नाही ना?"

चंद्रिका घरात आली तेव्हा सेतुमाधव डोळे मिटून पडले होते. "काय म्हणाली मालकीण? मुदत वाढवून दिली?"

"गप बसा."

"एवढी माझ्या श्वासांची किंमत कारखान्यानं कधी केली नाही," ते म्हणाले. मग तिचं बोट चालत्या हातात धरून त्यांनी नाकाशी नेलं. तिच्या बोटाला पेजेचा वास येत होता. तो त्यांना आवडायचा.

त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण नवरात्राला दीड महिना असतानाच ते गेले.

अक्का आल्या आणि रडल्या. खऱ्या रडल्या. चंद्रिकेचं कपाळ कुणी पुसलं नाही, आता तसं कोण करतं. फक्त आरशाखाली टिकल्यांचं पाकीट असायचं, ते दिवस संपल्यावर पाहिलं तर तिथं नव्हतं. कुणी उचललं हे तिनं विचारलं नाही.

दिवस झाले. फोन येईना. पितृपक्ष लागला होता, दुकानात पाय ठेवायला जागा नसण्याचे हे दिवस. आपल्याला थोडी उसंत मिळावी म्हणून बोलावत नसतील असं तिनं ठरवलं, आणि फिकी जांभळी साडी नेसून आपणच एग्मोर गाठलं.

काचेमागं, तिच्या पाटावर, त्रिपुरसुंदरी बसली होती. अक्कांची मामेबहीण. नाकात दोन्हीकडं चमक्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि मांडीवर एक नवरी, जिची साडी मिटलेल्या छत्रीसारखी दिसत होती. त्रिपुरसुंदरीनं वर पाहिलं आणि ती बाहुली पदराआड घेतली. लाजून घेतली असती तर चंद्रिकेला बरं वाटलं असतं. तिनं ती घेतली ती, मांजर आलं की दूध झाकावं तशी.

"चंद्रिके, आत ये," अक्कांनी मागच्या खोलीतून हाक मारली. तिथं पेट्यांचे ढीग होते, आणि तनया फरशीवर बसून पत्ते चिकटवत होती.

"माझ्या पाटावर सुंदरी का बसलीय, अक्का?"

"बस आधी. पाणी घे." अक्कांनी स्वतः पाणी दिलं. "तूच सांग मला. पेटीवर काय लिहिलंय?"

चंद्रिकेनं ढिगातल्या वरच्या पेटीवरची सोनेरी ओळ पाहिली.

"लोक त्यासाठी घेतात. लेकीच्या संसारात ठेवायची वस्तू. मला स्वतःला काही वाटत नाही, देवाशपथ. मी मानते कां असलं काही? पण गिऱ्हाईक."

"ओळ काढून टाकू," तनया म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी आत्ता काढते साइटवरून. हे भयंकर आहे, अक्का. मी फक्त टॅगलाइन म्हणून..."

"काढ," अक्का शांतपणे म्हणाल्या. "आणि श्रीरंजनीच्या मुलीची फी तू भर. वेंकोबामामांची औषधं तू आण."

तनयानं पुढचा पत्ता चिकटवायला घेतला.

"मज काम हवंय," चंद्रिका म्हणाली.

"काम आहेच की गं. कुणी काढून घेतलंय?" अक्का तिच्याजवळ सरकल्या. "सुंदरीच्या हातास वळण नाही, ते मज दिसत नाही कां? तू घरी बस निवांत. ऑटोनं लाकूड पाठवते, नेसवून परत पाठव. फक्त कुंकू लावू नको. ते सुंदरी इथं लावेल. म्हणजे शास्त्र राहिलं, आणि तुझंही मन रमेल."

"म्हणजे नेसवणार मी."

"हूं."

"आणि हात सुंदरीचे."

"शब्दांत काय धरतेस? आणि पगार म्हणून आता दाखवता येणार नाही, हे म्हणतात. नाव वहीत राहिलं तर कुणीतरी विचारील. त्यापेक्षा तुला मदतीच्या बायकांत घालते. सामान, वर पाकीट, सगळं मिळेल. आहे त्याहून कमी नाही होऊ देणार."

चंद्रिकेनं पाणी पिऊन टाकलं. आपण नाही म्हणू असं तिला वाटत होतं. पण घरी खाट परत नेलेली होती, त्या जागी फरशीवर चार पायांचे डाग होते, आणि दिवसभर हातांना काही नव्हतं. "पाठवा लाकूड," ती म्हणाली.

ऑटो येऊ लागली. ड्रायव्हर पोतं दाराशी ठेवायचा. चंद्रिकेनं आयुष्यात नेसवल्या नसतील अशा नवऱ्या त्या दिवसांत नेसवल्या. कासोटा असा, पदर असा, की आजेसासूनंही मान डोलवली असती. संध्याकाळी त्या खिडकीत ओळीनं उभ्या करायची. सगळ्या नव्या कोऱ्या, जरतारी, नवऱ्याशेजारी ठेवलेल्या, आणि सगळ्यांची कपाळं कोरी. एकदा सवयीनं काडी कुंकवात बुडवली आणि हात बाहुलीच्या कपाळापाशी थांबला. तिनं स्वतःलाच विचारलं, लावलं तर काय होईल? काडी तिनं धुऊन ठेवली. अक्कांनी सांगितलं नसतं तरी लावलं नसतं, हे तिला तेव्हा कळलं, आणि ह्याचा तिला अक्कांपेक्षाही जास्त राग आला.

नवरात्राच्या आदल्या रविवारी एग्मोरच्या एका हॉलमध्ये समारंभ होता. जोड्यांची विक्री आणि मदतीचं वाटप एकत्र, म्हणजे घेणाऱ्याला आपला पैसा कुठं जातो ते डोळ्यांनी दिसावं. मदतीच्या बायकांना फिक्या रंगाच्या साड्या नेसून यायला सांगितलं होतं. फोटोत बरं दिसतं. त्यांना स्टेजवर एका बाजूला बसवलं. चंद्रिकेशेजारी श्रीरंजनी होती, मांडीवर मुलीचं गुणपत्रक गुंडाळून, दाखवायला सांगितलं तर असावं म्हणून.

"नवीन आहात ना?" श्रीरंजनी कुजबुजली. "पाकीट घेताना किंचित वाकायचं. अगदी पाया पडायचं नाही, अक्कांना आवडत नाही. आणि रडू आलं तर येऊ द्यायचं."

"आणि नाही आलं तर?"

"तर फोटोवाला दुसरा काढतो."

खाली हॉल भरला होता. बायका रांगा लावून जोड्या घेत होत्या. चंद्रिकेला वरून आपल्या एकेक नवऱ्या ओळखू येत होत्या. त्या अंजिरी काठाच्या पट्टीशी ती सबंध दुपार भांडली होती. कपाळांवर सगळीकडं सुंदरीचं कुंकू, जरा वाकडं.

माधवरावांचं भाषण झालं. मग अक्कांनी त्रिपुरसुंदरीला शाल घातली आणि माइक घेतला. "हे हात बघा. ह्या सुमंगलीच्या हातांची कमाई आज ह्या माझ्या बहिणींच्या पदरात जातेय." टाळ्या झाल्या. त्रिपुरसुंदरीनं हात वर करून दाखवले. श्रीरंजनी टाळ्या वाजवत होती. चंद्रिकेनं पाहिलं, तिचेही हात वाजत होते.

तिचं नाव पुकारलं. अक्कांनी तिला पाकीट दिलं, करड्या रंगाची साडी दिली, आणि माइक पुढं केला. "चंद्रिका आपलीच. दुःख ताजं आहे. दोन शब्द बोल, चंद्रिके."

दोन शब्द काय बोलायचे ते सांगून ठेवलं होतं. चंद्रिकेनं माइक धरला. पाया पडायला वाकावं तशी ती थोडी वाकली, आणि सरळ झाली.

"ह्या जोड्या मी नेसवल्या," ती म्हणाली. मग सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये म्हणाली. "सगळ्या. घरी बसून. नवरा गेल्यावर."

कुणी ओरडलं नाही. ह्या शहरात माणसं ओरडत नाहीत. पंखे फिरत राहिले. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मांडीवरची पेटी उचलली, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. मग दुसरीनं. एक आजी सुनेला म्हणाल्या, "पाणी प्यायला जाऊ चल," आणि दोघी पेटी विसरून गेल्या. पैसे कुणी परत मागितले नाहीत. सगळ्या नुसत्या विसरत होत्या, हसतमुखानं, एकीमागून एक, आणि खुर्च्यांवर नवरा-नवऱ्या जमत होत्या.

कमलिनीअक्का माइक धरायला पुढं आल्या. पण त्यांच्या आधी श्रीरंजनी उठली. गुणपत्रक खाली पडलं. तिनं येऊन चंद्रिकेच्या खांद्यावर हात टाकला, मायेनं, आणि तिच्या हातातला माइक सोडवून घेतला.

"मामींचं मनावर घेऊ नका," ती हॉलला म्हणाली. "अण्णा गेल्यापासून त्यांचं असं होतंय. इतकी वर्षं हेच काम केलं ना, त्यांना वाटतं अजून करतायत. मी शेजारी बसले होते, मघापासून काहीबाही बोलतायत. माझंही झालं होतं असं. माझे गेले तेव्हा मी रोज दोन ताटं वाढत होते."

हॉलमध्ये एक मोठा श्वास सुटला. कुणीतरी 'पावम' म्हणालं, बिचारी. अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. एका तंजावरी म्हाताऱ्यांनी खालून विचारलं, "होय कां गं, चंद्रिके?"

श्रीरंजनीचा हात खांद्यावरच होता. माइक खाली धरून ती चंद्रिकेच्या कानाशी बोलली. "मामी, तुमचा पाट गेला, मला दिसतंय. माझ्या पोरीची शाळा जाईल. हो म्हणा."

"तुला ठाऊक होतं, मी नेसवते ते?"

"सगळ्यांना ठाऊक आहे," श्रीरंजनी म्हणाली. "सुंदरीमामीला दोरा ओवता येत नाही. हो म्हणा ना."

चंद्रिकेनं स्टेजच्या कडेला पाहिलं. तनया तिथं उभी होती, फोन छातीशी धरून. तिच्याकडं आवडीहून परत आलेल्या पोत्यांचे, कोऱ्या कपाळाच्या बाहुल्यांचे सगळे फोटो होते; पेट्यांचा हिशेब ठेवायला तिनंच काढले होते. चंद्रिका थांबली. तनयानं तोंड उघडलं, हॉलकडं पाहिलं, श्रीरंजनीकडं पाहिलं आणि फोन पिशवीत टाकला.

"होय," चंद्रिका म्हणाली. "माझं डोकं ठिकाणावर नाही."

मग सगळंच सुरळीत झालं. पाणी प्यायला गेलेल्या आजी परत आल्या. पेट्या आठवल्या. उरलेल्या जोड्यांनाही गिऱ्हाईक मिळालं, कारण आता प्रत्येकीला काहीतरी करावंसं वाटत होतं. त्रिपुरसुंदरीसोबत फोटो काढायला रांग लागली. चंद्रिकेला खाली आणून पंख्याखाली बसवलं, कॉफी दिली. अक्का येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या आणि जाता जाता हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी ऑटो पाठवते. जादा ऑर्डर आलीय."

एक बाई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. चांगली, प्रेमळ बाई. लेकीचं लग्न तैमासात, पोंगल झाल्यावर होतं. तिनं चंद्रिकेचा हात हातात घेतला.

"मामी, असं होतं. मन गुंतवा कशात तरी. काही शिका." तिनं मांडीवरची पेटी उघडली. "हे बघा, सुंदरीमामींनी काय सुरेख नेसवलंय. बघून शिकलात तरी जमेल हळूहळू."

अंजिरी काठाची होती. हाताळून हाताळून तिची मधली निरी सुटली होती. चंद्रिकेचं बोट आपोआप पुढं गेलं, निरी दाबून खोचायला.

बाईनं पेटी अलगद आपल्याकडं ओढून घेतली.

"असू दे हं, मामी," ती हसून म्हणाली. "लग्नाची आहे." आणि झाकण लावण्याआधी तिनं ती निरी स्वतःच आत ढकलली, चुकीच्या बाजूनं.